पाटपाण्याचा नकाशा आणि शाखांची यादी : अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील तंत्रशिक्षण संकुले व त्यांतील अभ्यासक्रम

गोषवारा

अहिल्यानगर जिल्ह्यात १९८३ या एकाच वर्षी लोणी, कोपरगाव आणि संगमनेर येथे तीन विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. तिन्हींची पाळेमुळे सहकारी साखर कारखानदारीत होती. ही संकुले कोठे उभी राहिली, याचे उत्तर जिल्ह्याच्या पाटपाण्याच्या इतिहासात सापडते. तेथे काय शिकवले जाते, याचे उत्तर मात्र जिल्ह्याबाहेरील रोजगाराच्या बाजारपेठेत शोधावे लागते. या दोन उत्तरांमधील अंतर कसे निर्माण झाले, त्याची किंमत कोणाला मोजावी लागते आणि उपलब्ध नियमांच्या चौकटीत ते कितपत कमी करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : तंत्रशिक्षण, सहकार, सिंचन, अभ्यासक्रम, शाखानिवड, परिसराभिमुखता.

१. प्रस्तावना

कोणत्याही तंत्रशिक्षण संस्थेचे माहितीपत्रक उघडले असता दोन गोष्टी प्रथम नजरेस पडतात : संकुलाचे छायाचित्र आणि शाखांची यादी. पहिली गोष्ट संस्थेचा पत्ता सांगते, तर दुसरी तिचे प्रयोजन. विद्यार्थी आणि पालक या दोन्हींकडे प्रवेशाच्या दृष्टीने पाहतात. अध्यापकांनी मात्र त्यांच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. संकुल ज्या मातीत उभे आहे तिचा आणि वर्गात जे शिकवले जाते त्याचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अहिल्यानगर जिल्हा विशेष सोयीचा आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती आणि तिचा सुमारे चार पंचमांश भाग ग्रामीण होता. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा अतिपर्जन्याचा डोंगराळ पट्टा आणि पूर्व-दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जतचा अवर्षणप्रवण पट्टा, अशी दोन टोके एकाच जिल्ह्यात आहेत. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. प्रस्तुत लेखात चालू काळाच्या संदर्भात हेच नाव वापरले आहे.

२. पूर्वपीठिका : औद्योगिक शाळा ते कृषी विद्यापीठ

जिल्ह्यातील तंत्रशिक्षणाचा आरंभ अभियांत्रिकी महाविद्यालयांपासून झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर शहरात औद्योगिक शाळा चालवली होती. सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे नाव तिला देण्यात आले होते. सुतारकाम, धातुकाम, विणकाम यांसारखे हस्तव्यवसाय तेथे शिकवले जात. मिशनमधीलच डी. सी. चर्चिल या तंत्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारित हातमाग तयार केला. अहमदनगर हे त्या काळी विणकरांचे शहर होते. म्हणजे परिसरातील व्यवसाय, त्याची अडचण आणि त्यावरील तांत्रिक उपाय या तिन्ही गोष्टी तेथे एकाच ठिकाणी आल्या होत्या. तंत्रशिक्षणाचा हा पहिला नमुना पुढील चर्चेत लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात दुसरा टप्पा राहुरी येथे आला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. आज ते डॉ. अण्णासाहेब शिंदे यांच्या नावाने ओळखले जाते. शेती यंत्रे व शक्ती, सिंचन व निचरा, मृद व जलसंधारण, शेतमाल प्रक्रिया ही तेथील अध्यापनाची क्षेत्रे होत. या विषयांची नावे वाचताच ती कोणत्या भूभागासाठी आहेत हे सांगावे लागत नाही. शेतकरी, पाटकरी आणि बंधाऱ्याचा मुकादम या तिघांच्याही कामाशी त्यांचा थेट संबंध आहे.

३. पाणी, साखर आणि शिक्षण

राहुरीच्या पश्चिमेस व उत्तरेस जे घडले त्याची मुळे पाण्यात आहेत. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या धरणातील पाणी ओझर बंधाऱ्यावरून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांतून खाली येऊ लागले. तत्पूर्वीच गोदावरीवर नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी कोपरगाव-राहाता परिसरात पाणी पोहोचवले होते. दुष्काळाच्या छायेतील काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. प्रारंभी त्याचा लाभ हरेगावच्या बेलापूर कंपनीसारख्या खाजगी भांडवलाने घेतला. ऊस पिकवणारा शेतकरी मात्र कर्जाच्या विळख्यातच राहिला.

या परिस्थितीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या सहकार्याने जे उत्तर दिले ते सर्वज्ञात आहे. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये गाळप सुरू झाले. अर्थशास्त्रज्ञ गाडगीळ यांनी कारखान्याचे प्रारंभीचे अध्यक्षपद सांभाळले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम सार्वजनिक कामांसाठी वर्ग करण्याची पद्धत सहकारी कारखान्यांच्या परिसरात रूढ झाली आणि तिच्यातून शाळा, वसतिगृहे, दवाखाने व महाविद्यालये उभी राहिली. लोणी येथे १९६४ मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था स्थापन झाली. संगमनेरला भाऊसाहेब थोरात आणि कोपरगावला शंकरराव कोल्हे यांच्या नेतृत्वाखाली याच वाटेने कारखाना व त्यापाठोपाठ शिक्षणसंस्था असा क्रम घडला.

तोपर्यंत महाराष्ट्रात अभियांत्रिकीची पदवी देणाऱ्या संस्था मोजक्या होत्या. पुणे, मुंबई, सांगली, कऱ्हाड, औरंगाबाद, अमरावती अशी ठिकाणे बोटांवर मोजता येत. जागा कमी आणि इच्छुक अधिक, त्यामुळे ऐपतदार घरांतील मुले देणगी भरून कर्नाटकात जात. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. या धोरणाचा लाभ घेण्यासाठी जमीन, भांडवल, संघटन आणि राजकीय वजन या चार गोष्टी लागत होत्या. साखर कारखान्यांच्या परिसरात त्या चारही गोष्टी आधीपासून जमा झालेल्या होत्या. त्यामुळे त्याच वर्षी लोणीत प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय, कोपरगावला संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि संगमनेरला अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. एस.टी.च्या तास-दीड तासाच्या प्रवासात येणाऱ्या तीन ग्रामीण ठिकाणी एकाच वर्षी तीन अभियांत्रिकी महाविद्यालये उघडावीत, ही घटना त्या काळी असाधारण होती. ‘अमृतवाहिनी’ हे प्रवरेचेच दुसरे नाव, हा योगायोग म्हणता येणार नाही.

४. संकुलांचा भूगोल

या तीन महाविद्यालयांभोवती पुढे संकुले विस्तारत गेली. तंत्रनिकेतन, औषधनिर्माणशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र आणि लोणीला वास्तुशास्त्र असे एकेक विद्यालय त्याच आवारात किंवा शेजारी उभे राहिले. प्रवरा संस्थेने जिल्ह्याची सीमा ओलांडून नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात चिंचोली येथेही अभियांत्रिकी संकुल उभारले. शासनाचे तंत्रनिकेतन अहिल्यानगर शहरात बुरूडगाव रस्त्यावर आहे. शहराच्या परिघावर विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी आदी महाविद्यालयांचे संकुल आहे. नेप्ती आणि सारोळा बद्दी येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आली. श्रीगोंदा तालुक्यात काष्टी येथील परिक्रमा संकुल हे दक्षिणेकडील उल्लेखनीय उदाहरण होय.

ही ठिकाणे नकाशावर मांडली तर एक आकृती स्पष्ट दिसते. पहिली रांग गोदावरी-प्रवरेच्या पाण्याच्या आधारावर आहे. दुसरी रांग जिल्ह्याच्या मुख्यालयाभोवती, पुणे-मनमाड व जामखेड अशा महामार्गांच्या कडेने आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या भागातील विद्यार्थ्याला पदवी अभियांत्रिकीसाठी साधारणतः घर सोडावेच लागते. याच भागातून, विशेषतः पाथर्डी-शेवगावातून, ऊसतोडणीसाठी दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे पाच-सहा महिने स्थलांतर करतात. ज्या उसातून उत्तरेकडील संकुले उभी राहिली तो ऊस तोडणाऱ्या हातांच्या गावी मात्र संकुल पोहोचले नाही. यात कोणा एका संस्थेचा दोष आहे असे नव्हे. विनाअनुदानित तत्त्वावरील महाविद्यालय भांडवल असेल तेथेच उभे राहते आणि या जिल्ह्यात भांडवल पाण्याच्या मागे गेले. शासनाने तंत्रशिक्षणाचा विस्तार समाजाच्या भांडवलावर सोपवला, तेव्हा पाण्याची विषमता शिक्षणातही उतरणे अटळ होते.

५. अभ्यासक्रमांची उतरंड

जिल्ह्यातील तंत्रशिक्षण तीन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची. जोडारी, वीजतंत्री, संधाता यांसारखे व्यवसाय तेथे एक किंवा दोन वर्षांत शिकवले जातात. दुसरी पायरी तंत्रनिकेतनांची. दहावीनंतर तीन वर्षांची ही पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पाठ्यक्रमाने चालते. तिसरी पायरी चार वर्षांच्या पदवीची. तिचा प्रवेश राज्य सामाईक परीक्षेतून होतो आणि संलग्नता प्रामुख्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते. याखेरीज पदव्युत्तर व संशोधनाची सोय काही संकुलांत आहे.

या उतरंडीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा पदविकाधारकांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात मिळणारा थेट प्रवेश हा आहे. ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने दहावी, पदविका आणि मग पदवी हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. मध्येच घरची परिस्थिती ढासळली तरी त्याच्या हाती पदविका असते. मोठ्या शिकवणी वर्गांच्या जोरावर लढवल्या जाणाऱ्या सामाईक परीक्षेलाही या मार्गात वळसा घालता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीशी जुळवून घेण्यास तीन वर्षांचा अवधी मिळतो. तंत्रशिक्षण मंडळाने २०२१ नंतर पदविकेसाठी मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक अध्यापनाचा पर्याय दिला. त्यामुळे हा लाभ वाढला आहे. शुल्काच्या बाबतीत २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. तथापि वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च उरतोच. संकुलापासून दूरच्या तालुक्यातील मुलीच्या शिक्षणाचा निर्णय पुष्कळदा याच खर्चावर आणि शेवटच्या एस.टी.च्या वेळेवर होतो.

६. शाखा उघडते कशी, मिटते कशी

प्रारंभीच्या काळातील पदवी शाखा पाहिल्या तर स्थापत्य, यंत्र, विद्युत यांसारख्या मूलभूत शाखांचे प्राबल्य दिसते. त्यांच्या जोडीस संगमनेरला उत्पादन अभियांत्रिकी, लोणीला उपकरणन व नियंत्रण अशा कारखानदारीशी निगडित शाखा आल्या. पुढे कोपरगावला मेकॅट्रॉनिक्ससारखी संमिश्र शाखाही आली. १९९० नंतर संगणक आणि माहिती तंत्रज्ञान यांनी सर्वत्र जोर धरला. २०२० नंतर कृत्रिम बुद्धिमत्ता व विदा विज्ञान ही शाखा जवळजवळ प्रत्येक संकुलाच्या यादीत दाखल झाली. आज जिल्ह्यातील कोणत्याही दोन संकुलांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर नावांखेरीज फारसा फरक जाणवत नाही. पुण्यातील किंवा नागपुरातील महाविद्यालयाची यादीही बहुतांशी तीच असते.

हे कसे घडते, हे समजून घेणे अध्यापकांसाठी अगत्याचे आहे. शाखा उघडण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता, राज्य शासनाची संमती आणि विद्यापीठाची संलग्नता लागते. १९८७ च्या कायद्याने परिषदेस वैधानिक दर्जा मिळाला. जागांची तुकडी सामान्यतः ६० ची असते. महाविद्यालयाचे उत्पन्न मुख्यतः शुल्कातून येते आणि ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. याचा अर्थ असा की, भरलेली जागा हेच संस्थेचे उत्पन्न होय. रिकामी राहिलेली जागा चारही वर्षे रिकामी राहते. दुसऱ्या वर्षाच्या थेट प्रवेशाने ती काही अंशी भरते इतकेच. अशा स्थितीत कोणती शाखा ठेवावी हा निर्णय प्राचार्यांच्या दालनात होण्यापूर्वीच प्रवेशफेरीतील विद्यार्थ्यांच्या पसंतीक्रमात झालेला असतो. त्या पसंतीक्रमावर हिंजवडी आणि बंगळूर येथील नोकरभरतीचा प्रभाव असतो. मुळा-प्रवरेच्या खोऱ्यातील गरजांना तेथे मत नसते.

या प्रक्रियेचा अध्यापकांवरील परिणाम साध्या गणिताने दाखवता येतो. परिषदेने अध्यापक-विद्यार्थी प्रमाण २०१८-१९ पासून १:१५ ऐवजी १:२० केले. ६० च्या एका तुकडीत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात. जुन्या प्रमाणाने त्यांना १६ अध्यापक लागत, नव्या प्रमाणाने १२ पुरतात. ही झाली पूर्ण भरलेल्या शाखेची गोष्ट. एखाद्या मूलभूत शाखेची तुकडी निम्मी केली तर आवश्यक अध्यापकांची संख्या सहावर येते. २०२४-२५ पासून परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली. त्यामुळे मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांना संगणकाच्या तुकड्या वाढवणे सुलभ झाले. त्याचा ताण ग्रामीण संकुलांच्या प्रवेशांवर येणे स्वाभाविक आहे.

स्थापत्य किंवा यंत्र शाखा आक्रसली की केवळ काही पदे कमी होत नाहीत. मृद्‌यांत्रिकीची प्रयोगशाळा, द्रवगतिकीचा प्रवाहमार्ग, कर्मशाळेतील लेथ, सर्वेक्षणाची उपकरणे आणि ती हाताळणारे अनुभवी साहाय्यक यांची घडी विस्कटते. अशी प्रयोगशाळा उभी करण्यास वर्षे लागतात, मोडण्यास एक प्रवेशहंगाम पुरतो. बाजाराचे चक्र पुन्हा फिरले, तरी गेलेली घडी परत बसवणे सोपे नसते.

७. परिसराचे प्रश्न कोण शिकवणार?

ही चिंता केवळ अध्यापकवर्गाच्या हिताची आहे, असा समज होऊ नये. जिल्ह्यापुढे आज जे तांत्रिक प्रश्न आहेत त्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे तिचे गांभीर्य ध्यानात येते.

पहिला प्रश्न पाण्याच्या मोजणीचा. २००५ च्या दोन कायद्यांनी महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था यांना वैधानिक पाया दिला. पाणी क्षेत्रावर न देता घनमापाने द्यावे, हे त्यामागील तत्त्व. या जिल्ह्यात मुळा प्रकल्पाच्या चारी क्रमांक ७ वर त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, अशा संस्थेचा प्रयोग झाला होता. घनमापाने पाणी द्यायचे तर चारीच्या तोंडाशी प्रवाह अचूक मोजला पाहिजे. दुष्काळी वर्षात जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद उभा राहतो तेव्हाही वहनव्यय किती, हाच कळीचा मुद्दा ठरतो. ही कामे स्थापत्य, उपकरणन आणि संगणक या तिन्ही शाखांची आहेत.

दुसरा प्रश्न साखर कारखान्यांच्या रूपांतराचा. कारखाना आता केवळ साखर बनवत नाही. बगॅसवर सहवीजनिर्मिती होते, मळीपासून व रसापासून इथेनॉल होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. उच्च दाबाचे बाष्पित्र, आसवनी, सांडपाणी प्रक्रिया आणि वीजवाहिनीशी जोडणी या सर्वांसाठी यंत्र, विद्युत, रसायन व नियंत्रण या शाखांचे ज्ञान लागते. साखर तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण प्रामुख्याने पुण्याजवळील मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये केंद्रित आहे. साखरेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संकुलात साखर तंत्रज्ञानाचा एखादा पूर्ण विषयही सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ नये, ही विसंगती बोलकी आहे.

तिसरा प्रश्न कोरडवाहू दक्षिणेचा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही पाणलोट विकासाची देशभर गाजलेली गावे याच जिल्ह्यात आहेत. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाची नोंद घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील समीकरण तेथे चावडीवर सुटते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती मिळणार?

चौथा प्रश्न कारखानदारीचा. अहिल्यानगर शहरात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगने या शहरात रुजवलेल्या दुचाकी उद्योगाची परंपरा आहे. पुणे रस्त्यावरील सुपे येथे औद्योगिक वसाहत विस्तारत आहे. या सर्वांना कुशल यंत्र व विद्युत अभियंते लागतात. ज्या शाखांच्या जागा रिकाम्या राहतात त्याच शाखांची माणसे घरापासून पन्नास किलोमीटरवर लागतात, हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही.

८. उपलब्ध वाटा

यावर ‘परिसराभिमुख नव्या शाखा उघडाव्यात’ असा उपाय सुचवणे सोपे आहे. परंतु मागील विवेचन पाहता तो टिकणार नाही. ‘साखर अभियांत्रिकी’ किंवा ‘सिंचन अभियांत्रिकी’ नावाची ६० जागांची तुकडी पसंतीक्रमात तळाशीच राहील. शिवाय अठराव्या वर्षी विद्यार्थ्याला एका जिल्ह्याच्या, एका उद्योगाच्या दावणीला बांधणे न्याय्यही नाही. पुण्यात किंवा परदेशात नोकरी करण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. अनेक शेतकरी कुटुंबांचे कर्ज अशाच नोकऱ्यांनी फिटले आहे.

म्हणून शाखेचे नाव न बदलता तिच्या आत काय करता येईल, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात लागू झालेल्या श्रेयांक आराखड्यात बहुविद्याशाखीय गौण विषय, क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांसाठी स्वतंत्र जागा राखलेली आहे. ही जागा बहुधा उपलब्ध शिक्षकांच्या सोयीने भरली जाते. तीच जागा विचारपूर्वक वापरता येईल. त्यासाठी पुढील चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, संगणक व कृत्रिम बुद्धिमत्ता शाखांसाठी ‘जलमापन व सिंचन व्यवस्थापन’ किंवा ‘साखर व जैवऊर्जा तंत्रज्ञान’ असा गौण विषयगट ठेवावा. त्याचे अध्यापन स्थापत्य, यंत्र व विद्युत विभागांकडे सोपवावे. त्यामुळे आक्रसलेल्या विभागांना कार्यभार मिळेल, त्यांच्या प्रयोगशाळा चालू राहतील आणि संगणकाच्या विद्यार्थ्याला हाताळण्यासाठी खरी विदा मिळेल. विदा विज्ञान शिकणाऱ्याने परदेशी संकेतस्थळावरील तयार आकडे घेण्यापेक्षा चारीवरील प्रवाहाची नोंद स्वतः घ्यावी, हे शिक्षणाच्या दृष्टीनेही श्रेयस्कर आहे.

दोन, राहुरीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाशी श्रेयांकांची देवाणघेवाण व्हावी. आज कृषी विद्यापीठ आणि पारंपरिक विद्यापीठ यांच्या व्यवस्था वेगळ्या असल्याने शेजारी असूनही ही विद्यालये परस्परांपासून दूर आहेत. ज्ञान एका आवारात आणि विद्यार्थी दुसऱ्या आवारात, अशी ही स्थिती आहे.

तीन, कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कार्यप्रशिक्षणाचे वेळापत्रक बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत, म्हणजे नेमका कारखाना बंद असताना येते. सत्राची आखणी हंगामाशी जुळवली तर विद्यार्थ्याला चालता कारखाना पाहता येईल. संजीवनीसारख्या स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयांना हे विशेष सुलभ आहे, कारण पाठ्यक्रम व वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार त्यांच्या विद्वत परिषदेकडे असतो.

चार, दक्षिणेतील तालुक्यांपर्यंत संकुल नेणे शक्य नसले तरी त्या तालुक्यांना संकुलापर्यंत आणणे शक्य आहे. २०१४ पासून चालू असलेल्या उन्नत भारत अभियानात प्रत्येक सहभागी संस्था काही गावे दत्तक घेते. ही गावे बहुधा संकुलालगतची असतात. त्यांतील एखादे तरी पाथर्डी-जामखेडकडील असावे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहात हंगामभर निवासाची हमी द्यावी. कारखाना आणि शिक्षणसंस्था यांचे नेतृत्व जेथे एकाच परिवारात आहे तेथे या दोन प्रश्नांची सांगड घालणे इतर कोणापेक्षाही सोपे आहे.

९. समारोप

अहिल्यानगर जिल्ह्यातील तंत्रशिक्षण संकुलांनी चार दशकांत जे साध्य केले ते मोठे आहे. ज्या तालुक्यांत पूर्वी अभियंता पाटबंधारे खात्याच्या बंगल्यातच दिसे, तेथे आज घराघरांत अभियंते आहेत. हे श्रेय शेतकऱ्यांच्या सामूहिक बचतीचे आणि १९८३ च्या त्या धाडसाचे आहे, हे निर्विवाद होय.

तथापि त्या धाडसात एक गृहीतक होते. ग्रामीण भागात अभियांत्रिकी महाविद्यालय आले की अभियांत्रिकी ग्रामीण भागाच्या कामी येईल, असे ते गृहीतक. पहिला अर्धा भाग साध्य झाला, दुसरा आपोआप साध्य झाला नाही. संकुलाची जागा संस्थापकांनी निवडली, शाखांची यादी बाजाराने निवडली. तासिकेत कोणते उदाहरण घ्यायचे, कोणता प्रकल्प द्यायचा, गौण विषय कोणता ठेवायचा आणि विद्यार्थ्यांना प्रवाह मोजायला कोणत्या चारीवर न्यायचे, या गोष्टी मात्र अजूनही अध्यापकांच्या हाती आहेत. २०२३ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांत पाणी आले आणि अनेक दशके वाट पाहणाऱ्या गावांच्या शिवारात नवे पाट वाहू लागले. पहिल्या कालव्यांमागून शिक्षण यायला अर्धे शतक लागले होते. या वेळी पाण्याच्या सोबतीने ज्ञानही शिवारात पोहोचावे, अशी व्यवस्था लावणे जिल्ह्यातील अभ्यासमंडळांना येत्या शैक्षणिक वर्षापासूनच शक्य आहे.